हिडिंबेच्या तोंडचं वाक्य

नाशिक,
४ नोव्हेंबर १९९६

ती. महादेवी आक्कास,
शिवप्रसादचे शरणार्थ.

रजिस्टर पोस्टानं एक वही पाठवली आहे, एव्हाना मिळाली असेल. नवं दोन अंकी नाटक आहे, घटोत्कचावर. बँकेतून आल्यावर रोज तासभर बसायचो, चार महिने लागले. कोल्हापूरच्या आपल्या जुन्या मंडळानं ते जानेवारीच्या स्पर्धेसाठी घेतलंय. तालमी सुरू व्हायच्या आत तू वाचावंस असं वाटलं. वडील गेल्यावर दोन वर्षांचा मी तुमच्या घरी आलो, तिथंच वाढलो. शाळेपासून जे काही खरडलं ते पहिल्यांदा तूच वाचलंस. मावसबहीण म्हणून नाही, तुला त्यातलं कळतं म्हणून.

दुसरं म्हणजे, हिडिंबा तू करावीस. पंचवीस वर्षं होत आली, पण तुझं काम बघितलेली माणसं अजून तुझी चौकशी करतात. दोनच प्रवेश आहेत. पहिला विनोदी. मोठे दात, पिंजारलेले केस, भीमाला बघून लाजणारी राक्षसी. लोक पोट धरून हसतील. दुसऱ्या प्रवेशात पांडवांचं बोलावणं येतं. घटोत्कच आईच्या पाया पडतो आणि ती म्हणते, "जा बाळा. आज तू तुझ्या पित्याचा झालास." तिथं टाळी आहे आक्का. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

तुझ्या संग्रामची कुस्तीची तालीम कशी चालली आहे? त्याला वही वाचायला दे. पैलवानाचंच नाटक आहे.

तुझा,
शिवा


उचगाव,
१८ नोव्हेंबर १९९६

चि. शिवास आक्काचे आशीर्वाद.

वही दोनदा वाचली. दिवाळीनंतर गांधीनगरच्या दुकानदारांचं काम जरा कमी असतं, नाहीतर परकरांच्या ढिगातून मान वर होत नाही. मशीनशेजारी वही ठेवून वाचली, तेव्हा कुठं कुठं तेलाचे डाग पडलेत.

घटोत्कच चांगला उतरलाय. हिडिंबा मला पटली नाही, आणि मी ती करणार नाही. का ते लिहिते, राग मानू नकोस.

तिचा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत मारला. त्याच भावाला मारणाऱ्याशी तिनं लग्न केलं. ती भावाला रडली असेल की नाही? आजवर कीर्तनात, सोंगात, नाटकात एकानं तरी तिला रडताना दाखवलीय का? सगळे दात दाखवतात. तूही दातच दाखवलेस. मग सासूनं अट घातली, पोर होईपर्यंत नवरा तुझा, पुढं आमचा. ही अट ऐकताना तुझ्या वहीत ती लाजते. मी असते तर लाजले नसते.

पोर झालं, नवरा गेला. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही की बाई, पोराला काय खायला घालतीस. लढाई हातातून जायला लागली तेव्हा आठवण झाली. आणि अशा वेळी तू तिच्या तोंडी घालतोस, आज तू तुझ्या पित्याचा झालास. शिवा, कुठली आई असं म्हणेल? टाळीसाठी म्हणत असेल तर ती आई नव्हे, नटी.

आणखी एक. अभिमन्यू पडला तेव्हा सगळी छावणी रडली, सुभद्रेला धरायला बायका होत्या. लगेच दुसऱ्या दिवशी घटोत्कच पडला तर कृष्ण आनंदानं नाचला. दोघंही पोरंच की. हिडिंबेकडं बातमी घेऊन कोण गेलं, ते कुणी लिहिलंय का? मला तरी कुठं सापडलं नाही.

संग्राम बरा आहे. उद्यमनगरात लेथवर जातो, सकाळ-संध्याकाळ तालीम. ब्याण्णव किलो भरलाय. वही त्यानं ठेवून घेतलीय.

आक्का


नाशिक,
२७ नोव्हेंबर १९९६

ती. आक्कास शरणार्थ.

तुझं पत्र मंडळातल्या लोकांना वाचून दाखवायला पाठवणार होतो, मग ठेवून घेतलं. दात काढून टाकतो. भावासाठी रडण्याचा छोटा प्रसंगही घालतो, ते तुझं खरं आहे. पण निरोपाचं वाक्य राहू दे. त्याच्याशिवाय दुसरा अंक उभा राहत नाही. आई अडवते आणि पोरगा तरी जातो, असं केलं तर तो हट्टी दिसतो. आईनं स्वतः पाठवला की त्याचं मरण मोठं होतं.

आणि तुला एक सांगू? तू आईच्या बाजूनं वाचतेस. मी मुलाच्या बाजूनं लिहिलंय. मला वडिलांचा चेहरा आठवत नाही. लहानपणी वाटायचं, कुणीतरी दारात यावं आणि म्हणावं, चल, तुझ्या बापानं बोलावलंय. मग पुढं मरण असेना का. घटोत्कचाला ती हाक मिळाली. तो दुःखी नाही आक्का, तो नशीबवान आहे.

हिडिंबेचं काम श्रुती नावाची मुलगी करेल, कॉलेजातली आहे.

विचारू नये, पण जोतीरामभावजी कधी संग्रामची काही चौकशी करतात का?

शिवा


उचगाव,
६ जानेवारी १९९७

चि. शिवास आशीर्वाद.

नाटकाला मी गेले नाही. संग्राम तालमीतली आठ-दहा पोरं घेऊन गेलता. दुसरं बक्षीस मिळालं म्हणाला. निरोपाच्या वाक्याला टाळ्या थांबेनात, असंही म्हणाला. तुझं खरं झालं.

तू मागच्या पत्रात ज्यांचं विचारलंस ते परवा आले होते. मी दारात रांगोळी टाकत होते, पांढरी जीप येऊन थांबली. एकवीस वर्षांनी माणूस दिसला, पण चालीवरून ओळखला. तुला सगळं ठाऊकच आहे. देवळात हार घातले, वर्षभर राजारामपुरीत खोली घेऊन राहिलो, संग्राम चार महिन्यांचा असताना मुरगूडकडून त्यांचा थोरला भाऊ आला आणि घेऊन गेला. लिंगायताची पोर आमच्यात चालत नाही म्हणाला. महिन्याभरात त्यांचं लग्न लागल्याचं कानावर आलं. त्यानंतर एक पत्र नाही.

आता खाटेवर बसले. संग्रामला "बाळा" म्हणाले. पाठीवरून, खांद्यावरून हात फिरवला, तो मी बघितला. बैल बघताना माणूस तसा हात फिरवतो. गावच्या सोसायटीची निवडणूक आहे, समोरचे लोक गुंडगिरीवर उतरलेत, आपलं माणूस पाठीशी असावं असं वाटतं, असं काही बोलत होते. घरातली दोन पोरं आहेत, ती नाजूक आहेत म्हणे. संग्रामनं चहा केला आणि स्वतःच्या हातानं दिला. मी आत मशीनवर बसून राहिले.

ते गेल्यावर मी एवढंच म्हटलं, जायचं नाही. तो जेवलाही नाही.

आक्का


उचगाव,
२० जानेवारी १९९७

शिवामामा यांस,
संग्रामचा नमस्कार.

मामा, तुमास्नी कधी पत्र लिहिलं न्हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. अव्वाला सांगितलेलं न्हाय. तिनं नावं ठेवली तरी मला तुमचं नाटक लई आवडलं. त्यो घटोत्कच पाया पडला न् आई म्हणली "आज तू तुझ्या पित्याचा झालास", तवा माझ्या अंगावर काटा आला. शेजारी तालमीतला माझा जोड बसलेला, त्यानं बघू नये म्हणून मान खाली घातली.

बाबा घरी येऊन गेलं हे अव्वानं कळवलं असंल. मला मुरगूडला ये म्हणतात. निवडणुकीपुरतं. पुढचं पुढं बघू म्हणलं. अव्वा नको म्हणती. मामा, शाळेत बापाचं नाव विचारलं की मी आवाज बारीक करून सांगायचो. फॉर्मवर नाव हाय पण माणूस न्हाय. तालमीत पोरं इचारत्यात, तुझं गाव कुठलं. काय सांगू.

अव्वाला सोडून जायाचं न्हाय मला. पण एकदा त्यांच्या दारात जाऊन यावं वाटतंय. तुम्ही शिकलेलं हाय, तुमी सांगाल तसं करतो.

तुमचा,
संग्राम


नाशिक,
२६ जानेवारी १९९७

चि. संग्राम,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस ते सगळं मला ओळखीचं आहे. बाप नसलेल्या पोराला काय वाटतं ते मला दुसऱ्यानं सांगायला नको.

तू जा. बाप माणसाला एकदाच हाक मारतो. त्या वेळी गेलं नाही तर जन्मभर मन खात राहतं. आक्काचा राग माणसावर आहे, आणि तो बरोबर आहे. पण तिचा राग तुझ्या वाट्याला का यावा? चार लोकांत तू त्यांच्या शेजारी उभा राहिलास की त्यांना आपोआप म्हणावं लागेल, हा माझा मुलगा. तेवढं एकदा झालं की आक्कालाही बरं वाटेल. ती कबूल करणार नाही, पण वाटेल. नाटकातलं वाक्य तुला आवडलं ना? तेच समज. आज तू तुझ्या पित्याचा झालास.

हे पत्र आक्काला दाखवू नकोस.

तुझा मामा,
शिवप्रसाद


उचगाव,
९ फेब्रुवारी १९९७

चि. शिवास आशीर्वाद.

संग्राम गेला. पहिल्या तारखेला, सकाळच्या गाडीनं. लेथवरून महिन्याची सुट्टी काढली म्हणाला. पाया पडायला आला तेव्हा मी मशीनवरून उठले नाही. तो वाकला, माझ्या पायांना हात लावला, तरी माझा पाय पायट्यावर चालूच होता. "अव्वा, काहीतरी म्हण की," म्हणाला. मी काही म्हटलं नाही. आता वाटतं उठायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात येऊन गेला. तिथं कसं आहे विचारलं तर झकास म्हणाला. मग हळूहळू बाहेर आलं. झोपायला गोठ्याशेजारची खोली दिलीय. ताट पडवीत येतं. थोरल्या काकाच्या हुकमाशिवाय माजघरात कुणी बोलावत नाही. बाप जीपमध्ये शेजारी बसवतो, पण लोकांना "आमचा पैलवान" म्हणून सांगतो. मी विचारलं, मुलगा म्हणून कुणाला सांगितलं का? तर म्हणाला, निवडणूक झाल्यावर सांगणार आहेत, आत्ता विरोधक त्याचं भांडवल करतील.

शिवा, तो तुझं ऐकतो. माझं ऐकत नाही, पण तुझं ऐकतो. त्याला एक पत्र टाक, परत ये म्हणून. माझं नाव घालू नकोस. लेथच्या मालकांनी बोलावलंय असं काही लिही, खोटं लिही, चालेल. तुला खोटं लिहायला जमतं, तुझा धंदाच आहे तो. पण लवकर लिही. मतदान पाच मार्चला आहे.

आक्का


नाशिक,
१७ फेब्रुवारी १९९७

ती. आक्कास शरणार्थ.

पत्र पोचलं. इथं बँकेत ऑडिट चालू आहे म्हणून उत्तराला उशीर. संग्राम बावीस वर्षांचा आहे आक्का, त्याला आपलं बरं-वाईट कळतं. पडवीतलं ताट उद्या माजघरात जाईल. अशा गोष्टींना वेळ लागतो. मी सवडीनं लिहितो त्याला. तू काळजी करू नकोस, तब्येतीला जप.

शिवा


नाशिक,
१२ मार्च १९९७

ती. आक्का,

काय लिहावं कळत नाही. तार सहा तारखेला बँकेत आली. निघणारच होतो, पण अंगात ताप भरला, डॉक्टरांनी हलू दिलं नाही. मला माफ कर.

त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. आक्का, मी ठरवलंय, ते नाटक आता कुणाला करू देणार नाही. नवं लिहीन. हिडिंबेचं. तू सांगितलंस तसं. पोर गेल्यावर तिचं काय झालं, बातमी कुणी नेली, सगळं. तुझं दुःख वाया जाऊ देणार नाही.

तुझा अभागी,
शिवा


उचगाव,
२ मे १९९७

शिवा,

दोन महिने हातात पेन धरवलं नाही. आज लिहिते, तेव्हा सगळं लिहिते. तू आला नाहीस, त्यामुळं तुला कळलंही नसेल.

मतदान शाळेत होतं. दुपारी समोरचे लोक ट्रॅक्टर भरून आले. जोतीरामची दोन्ही पोरं जीपच्या काचा लावून आत बसली. संग्रामला फाटकात उभा केला होता. त्यानं दोघातिघांना नुसतं ढकलून मागं सारलं, कुणाला मारलं नाही, असं बघणारे सांगतात. त्याला मारायला यायचंच नाही, कुस्तीशिवाय त्यानं कुणावर हात उचललेला मी बघितला नाही. मागून कुणीतरी लोखंडी पाइप घातला. कोल्हापूरला आणताना वाटेतच गेला.

मला सांगायला बाबासो म्हणून त्यांचा ड्रायव्हर आला. भला माणूस. दारात उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन पिळत राहिला. "काकू, जरा चला," एवढंच त्याला म्हणता आलं. मी विचारलं, लागलंय का? तो रडायला लागला.

थोरल्या काकाचं म्हणणं होतं, गावात मिरवणूक काढून अग्नी द्यायचा, पक्षाचा झेंडा घालायचा. मी नाही म्हटलं. माझा मुलगा माझ्या हातानं मातीत ठेवीन. आपल्या रुद्रभूमीत खड्डा काढला. जंगम आले, त्याला बसवला, विभूती लावली. एवढा मोठा देह, खड्डा परत रुंद करावा लागला.

जोतीराम आले होते, दहा-बारा माणसं घेऊन. लांब उभे होते. सगळ्यांची माती टाकून झाली. मी त्यांच्याकडं चालत गेले. एकवीस वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, "एक मूठ माती टाका. बाप म्हणून टाका. त्याला तेवढंच पाहिजे होतं."

त्यांचा हात पुढं आला होता शिवा. मी बघितला. मग थोरला भाऊ खाकरला. वर्तमानपत्राचा एक माणूस वही घेऊन उभा होता. हात मागं गेला. म्हणाले, "आमच्यात ती पद्धत न्हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, निष्ठावंत कार्यकर्त्याचा मृत्यू. नावापुढं बापाचं नाव घातलेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याची ट्रंक बाबासोनं आणून दिली. कपडे धुवावेत म्हणून उघडली. लंगोटाच्या घडीत तुझं पत्र होतं. इतक्या वेळा उघडून मिटलेलं, की घडीवर फाटलंय. तू जा. बाप एकदाच हाक मारतो. आज तू तुझ्या पित्याचा झालास. हे पत्र आक्काला दाखवू नकोस.

मी तुला विनवत होते, त्याला परत बोलाव म्हणून, आणि पाठवणारा तूच होतास.

तुझ्या पत्रामुळं माझा मुलगा गेला असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात होतंच, तो कदाचित तसाही गेला असता. पण मी गप्प बसले आणि तू बोललास. जे वाक्य मी म्हणायचं नाकारलं, ते तू माझ्या जागी उभा राहून त्याला म्हटलंस. आई अडवते आणि पोरगा तरी जातो, ते तुला नाटकात नको होतं ना? इथं तसंच झालं. त्याचं मरण मोठं झालं नाही. नुसतं मरण झालं.

नवं नाटक लिहू नकोस. हिडिंबेला तू पुष्कळ नाचवलीस. आता तिला राहू दे.

महादेवी


उचगाव,
२१ सप्टेंबर १९९९

चि. शिवा,

दोन वर्षं झाली, तुझं उत्तर नाही. मीही पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहितेय, याचं मलाच नवल वाटतं.

माझं बरं चाललंय. परकर शिवते. डोळ्यांना चष्मा आला. शेजारच्या पारूबाई अधूनमधून येऊन बसतात, त्यांच्या नातवंडांचं सांगतात. मी ऐकते. कुणी माझ्यापुढं संग्रामचं नाव काढत नाही. मला त्रास होईल म्हणून. तालमीतली पोरं वाटेत भेटली की मान खाली घालून जातात. जोतीराम सोसायटीचे चेअरमन झाले. त्यांच्या घरी तर त्याचं नाव कधी नव्हतंच.

परवा मी मोठ्यानं "संग्राम" म्हणून बघितलं. घरात कुणी नव्हतं. आपलाच आवाज ओळखू येईना.

शिवा, मी तुला क्षमा केलेली नाही. होईल असं वाटत नाही. पण त्याला लहानपणापासून बघितलेलं माझ्याशिवाय एकच माणूस उरलंय, ते तू. माझी आई तर गेलीच. तू लिहायचा थांबलास, तेव्हा तो आणखी एकदा गेल्यासारखं झालं. हे तू का केलंस? लाज वाटली असेल. पण तुझ्या लाजेचं मी काय करू?

तुला त्याचं जे काही आठवत असेल ते लिहून पाठव. सजवू नकोस. त्याला मोठा करू नकोस, शूर करू नकोस. मला त्याचं काहीतरी असं पाहिजे जे मला ठाऊक नाही. माझ्याकडचं सगळं मी आठवून आठवून झिजवलंय.

आक्का


नाशिक,
२ ऑक्टोबर १९९९

ती. आक्कास शरणार्थ.

आधी एक कबुली. मला ताप आला नव्हता. तार मिळाली त्याच दिवशी निघालो, सात तारखेला सकाळी कोल्हापूरला उतरलो. रिक्षानं उचगावच्या फाट्यापर्यंत आलो. तुझ्या गल्लीत माणसं बसलेली दिसली. मग पाय पुढं पडेना. तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर तासभर बसलो आणि परत स्टँडवर गेलो. माझं पत्र तुला सापडेल याची भीती नव्हती. ते सापडण्याआधीच तू माझ्या गळ्यात पडून रडशील, याची होती.

तुझ्या मे महिन्याच्या पत्राला अकरा उत्तरं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात मी स्वतःलाच चांगला दाखवत होतो. त्यानंतर काहीच लिहिलेलं नाही, नाटक नाही, काही नाही.

तू मागितलंस ते लिहितो.

संग्राम सात वर्षांचा होता. तुझ्याकडं लग्नसराईचं शिवण होतं, म्हणून मी त्याला दिवसभरासाठी पन्हाळ्याला घेऊन गेलतो. गाडी लागून तो माझ्या शर्टावर ओकला. वर गेल्यावर त्याला गड-बिड काही बघायचं नव्हतं, माकडं बघायची होती. एक बाई शेगडीवर कणसं भाजत होती. त्यानं एक खाल्लं आणि आणखी एक मागितलं. मी म्हटलं पोट दुखेल. तर म्हणाला, मला नको, अव्वाला न्यायचंय.

बाईनं पानात गुंडाळून दिलं. ते त्यानं शर्टाच्या आत धरलं. परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर बसला होता. घाट उतरताना त्याला वाटलं मी झोपलोय. त्यानं पान जरा उघडलं आणि कडेचा एक दाणा काढून खाल्ला. थोड्या वेळानं आणखी एक. मी डोळे मिटून बसून राहिलो. वाघबीळ येईपर्यंत एक ओळ संपली होती, आणि रंकाळ्यापाशी नुसता बिनदाण्यांचा बुरकुंडा राहिला.

मग तो रडायला लागला. आवाज न करता, ओठ दाबून. मी विचारलं काय झालं, तर पान उघडून दाखवलं. म्हटलं, स्टँडवर दुसरं मिळतंय का बघू. मिळालं नाही. उचगावात उतरल्यावर त्यानं तो बुरकुंडा रस्त्याकडेच्या गवतात टाकला, तोंड पुसलं आणि माझा हात धरून म्हणाला, "मामा, मी आणलं हुतं हे अव्वाला सांगू नगा. तिला वाईट वाटंल."

त्या दिवशी तू दारातच विचारलंस, माझ्यासाठी काय आणलंस रे, आणि तो तुझ्या पदरात तोंड खुपसून उभा राहिला. तू म्हणालीस, दमलाय पोरगा. मीही म्हटलं, हो, दमलाय.

आक्का, त्यानं तुझ्यासाठी कणीस आणलं होतं.

शिवा